एकच होला महल्ला, पण आनंदपूरला वेगळा आणि नांदेडला वेगळा. उत्तर गुरू गोविंदसिंगांच्या आयुष्यात आहे

धुळवडीची दुपार. रंग धुऊन, मटणाचा बेत उरकून अख्खा मराठवाडा आडवा झालेला असतो. नेमक्या त्याच वेळी नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याभोवती गर्दी जमायला लागते. निळे आणि केशरी फेटे, हातात नंग्या तलवारी, भाले. सगळ्यांत पुढं निशाणसाहिब, पंजप्यारे आणि सजवलेले घोडे. दोन्ही बाजूंच्या गच्च्या बघ्यांनी भरलेल्या.

मिरवणूक ठरलेल्या जागी थांबते. अरदास होते, जयकारा घुमतो आणि पुढच्या क्षणी हजारो माणसं तलवारी उंचावून एकाच दिशेनं धावत सुटतात.

समोर शत्रू कुणीच नसतो.

नांदेडकर याला हल्लाबोल म्हणतात. सणाचं नाव हल्ला महल्ला किंवा होला महल्ला. होळीचं पुल्लिंगी रूप होला, म्हणजे नावातच मर्दानी होळी आली. आणि हल्ला हा शब्द मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

आता हाच सण याच दिवसांत पंजाबात आनंदपूर साहिबला बघा. तिथं तो एका दुपारचा नसतो. आधी कीर्तपूर आणि मग आनंदपूर, असे दिवसच्या दिवस चालतात. निहंग शीख दोन घोड्यांवर एकेक पाय ठेवून उभ्यानं दौड करतात, धावत्या घोड्यावरून जमिनीत रोवलेली खुंटी भाल्याच्या टोकानं उचलतात, गतक्याचे डाव टाकतात. गुलाल उधळला जातो. कीर्तन, कवी दरबार आणि जागोजागी लंगर असतो. शेवटच्या दिवशी तख्त केशगढ साहिबहून निघालेली मिरवणूक जुन्या किल्ल्यांवरून चरणगंगेच्या मैदानात उतरते.

एका ठिकाणी जत्रा आणि कसरत, दुसऱ्या ठिकाणी अरदास आणि धाव. सण सुरू करणारा माणूस मात्र एकच, गुरू गोविंदसिंग. आनंदपूरनं त्यांचा भरभराटीचा काळ पाहिला आणि नांदेडनं त्यांचे शेवटचे दिवस. दोन्हीकडच्या सणातला फरक समजून घ्यायचा तर हा प्रवास पाहावा लागतो.

22 डिसेंबर 1666 ला पाटण्यात त्यांचा जन्म झाला. नाव ठेवलं गोविंद राय. वडील गुरू तेगबहादूर तेव्हा बंगाल-आसामच्या बाजूला प्रवासात होते, त्यामुळं मुलाचं तोंड त्यांनी बऱ्याच उशिरा पाहिलं. बालपणाची पहिली वर्षं गंगेकाठी गेली आणि मग कुटुंब शिवालिकच्या पायथ्याशी, गुरू तेगबहादूर यांनी वसवलेल्या गावी आलं. तेच पुढं आनंदपूर झालं.

1675 मध्ये औरंगजेबाच्या हुकमानं दिल्लीच्या चांदणी चौकात गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला. काश्मिरी पंडितांची बाजू त्यांनी घेतली होती. त्यांचं शिर आनंदपूरला पोहोचवलं गेलं आणि अवघ्या 9 वर्षांच्या गोविंद रायवर दहाव्या गुरूची गादी आली.

गादीवर आलेला मुलगा घोडा, धनुष्य, तलवार शिकला आणि त्याबरोबर फारसी, संस्कृत, ब्रजही शिकला. कवी त्याच्या दरबारात राहत. पण आसपासच्या पहाडी राजांच्या डोळ्यांत खुपला तो एक नगारा. रणजित नगारा नावाचा हा मोठा नगारा आनंदपुरात वाजायला लागला आणि शेजारच्या बिलासपूरच्या राजाला तो आपल्या सत्तेला दिलेलं आव्हान वाटला. त्या काळात नगारा वाजवणं हा राजाचा मान होता. एका धर्मगुरूच्या दारात तो कसा वाजतो, असा हा वाद होता. नगारा काही थांबला नाही आणि पहाडी राजांशी भांडण वाढत गेलं. 1688 च्या सुमारास यमुनेकाठी भंगाणीला पहिली मोठी लढाई झाली. गुरू तेव्हा बावीस वर्षांचेही नव्हते.

मग आली 1699 ची वैशाखी. आनंदपुरात हजारोंची संगत जमलेली असताना गुरूंनी उपसलेली तलवार हातात घेऊन शिर देणारा माणूस मागितला. एकामागून एक पाच जण उठले. हेच पंजप्यारे. ही गोष्ट शाळेत ऐकलेली असते, पण ते पाच जण कुठले होते, तिकडं आपलं सहसा लक्ष जात नाही. लाहोरचा दयाराम, हस्तिनापूरचा धरमदास, जगन्नाथपुरीचा हिम्मतराय, द्वारकेचा मोहकमचंद आणि बिदरचा साहिबचंद. बिदर म्हणजे आपल्या लातूर जिल्ह्यातलं उदगीर ओलांडून कर्नाटकात शिरलात की येणारं बिदर. गुरू नांदेडला यायच्या नऊ वर्षं आधी या भागातला एक माणूस आनंदपुरात शिर द्यायला उभा होता.

साहिबचंद जातीनं न्हावी. हिम्मतराय पाणी भरणाऱ्या समाजातला. मोहकमचंद कापड छापणाऱ्या छिंब्यांपैकी. पाचांनी एकाच भांड्यातून अमृत घेतलं, सगळे सिंग झाले आणि मग गुरूंनी त्यांच्याच हातून अमृत घेऊन स्वतःचं नाव गोविंदसिंग केलं. खालसा उभा राहिला.

होला महल्ला इथूनच निघतो. न्हावी, पाणक्या, शेतकरी, विणकर यांच्या हातात तलवार दिली खरी, पण त्यांच्यातल्या बहुतेकांच्या सात पिढ्यांत कुणी ती धरली नव्हती. शत्रू तर दारात होता. म्हणून 1701 च्या सुमारास होळीच्या दुसऱ्या दिवशी आनंदपूरच्या होळगढ किल्ल्यावर गुरूंनी लुटुपुटूची लढाई सुरू केली. दोन तुकड्या पाडायच्या. एकीनं जागा राखायची, दुसरीनं हल्ला करून ती घ्यायची. गुरू स्वतः बघायचे, चुका सांगायचे आणि जिंकणाऱ्यांना शिरोपा म्हणजे मानाचं वस्त्र द्यायचे. रंग होताच, पण मुख्य काम कवायतीचं. आजच्या भाषेत सांगायचं तर हे लष्कराचं वार्षिक सराव शिबिर होतं, फक्त सणाच्या मुहूर्तावर भरणारं.

तेव्हाचं आनंदपूर डोळ्यांसमोर आणा. गावाभोवती आनंदगढ, लोहगढ, फतेहगढ, केशगढ, होळगढ असे किल्ले. दरबारात कवी, तबेल्यात घोडे, घरात आई आणि चार मुलगे. आनंदपूरचा होला आजही याच दिवसांची आठवण सांगतो, म्हणून तिथं कसरत आहे, स्पर्धा आहे, गुलाल आहे.

हे फार टिकलं नाही. पहाडी राजे आणि मुघल फौज यांनी मिळून आनंदपूरला वेढा घातला. महिनोन् महिने रसद बंद. अखेर सुखरूप बाहेर जाऊ देऊ अशा शपथा मिळाल्यावर 1704 च्या डिसेंबरात (काही इतिहासकार 1705 मानतात) गुरूंनी आनंदपूर सोडलं. शपथा मोडल्या गेल्या. सरसा नदीला पूर होता, मागून फौज आली आणि त्या रात्रीच्या गोंधळात कुटुंबाची ताटातूट झाली.

चमकौरच्या गढीत गुरूंसोबत सुमारे 40 माणसं उरली होती. थोरले दोन मुलगे अजितसिंग आणि जुझारसिंग तिथं लढताना गेले. धाकटे जोरावरसिंग आणि फतेहसिंग आजी माता गुजरींसोबत पकडले गेले. सरहिंदचा सुभेदार वझीरखान यानं त्यांना भिंतीत चिणण्याची शिक्षा दिली. दोघांपैकी एकही दहा वर्षांचा नव्हता. नातवंडांपाठोपाठ माता गुजरीही गेल्या. 26 डिसेंबरला 2022 पासून जो वीर बाल दिवस पाळला जातो, तो याच दोन मुलांसाठी.

एका महिन्याच्या आत आई आणि चारही मुलं गेली. यानंतर गुरूंनी औरंगजेबाला एक पत्र लिहिलं. फारसी पद्यात, नाव जफरनामा म्हणजे विजयाचं पत्र. सगळं हरलेला माणूस बादशहाला शपथ मोडल्याचा जाब विचारतो आणि त्याला विजयाचं पत्र म्हणतो! हे पत्र घेऊन भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग महाराष्ट्रात आले, कारण बादशहा तेव्हा दख्खनमध्ये, अहमदनगरला होता. वाटेत ते औरंगाबादला राहिले. आजच्या छत्रपती संभाजीनगरात भाई दयासिंगांच्या नावाचा गुरुद्वारा आहे, तो त्यामुळंच. गुरूंची आणि औरंगजेबाची भेट मात्र झाली नाही. 1707 च्या सुरुवातीला औरंगजेब नगरजवळ मेला.

मग गुरू नांदेडला का आले? औरंगजेबाच्या मुलांमध्ये गादीसाठी लढाई झाली, तीत जिंकलेल्या बहादूरशाहाशी गुरूंचे संबंध बरे होते. आग्र्याला दोघांची भेट झाली. पुढं बहादूरशाह आपला भाऊ कामबक्ष याच्यावर हैदराबादच्या दिशेनं निघाला, तेव्हा गुरूही दक्षिणेकडं आले. वझीरखानाविरुद्ध न्याय मिळेल ही आशा त्यांना होती, असं बरेच इतिहासकार मानतात. बादशहा टाळत राहिला. 1708 मध्ये गोदावरीकाठी नांदेडला गुरू थांबले आणि बादशाही फौज पुढं निघून गेली.

नांदेडात त्यांना मिळाले जेमतेम काही महिने. पण शीख इतिहास त्या महिन्यांत फिरला. गोदेकाठी माधोदास नावाचा एक बैरागी मठ करून राहत होता. मूळचा जम्मूच्या राजौरी भागातला, बरीच वर्षं इकडंच रमलेला. गुरूंच्या भेटीनंतर तो बंदासिंग झाला. गुरूंनी त्याला भात्यातले पाच बाण, निशाण, नगारा आणि काही शीख देऊन पंजाबला पाठवलं. 1710 मध्ये त्यानं वझीरखानाला लढाईत मारून सरहिंद घेतलं. नांदेडचा बंदा घाट गुरुद्वारा त्याच्या नावाचा आहे.

हे बघायला गुरू उरले नव्हते. नांदेडच्या मुक्कामात एका पठाणानं त्यांच्या पोटात खंजीर खुपसला. वझीरखानानंच मारेकरी पाठवले होते, असं परंपरा सांगते. जखम शिवली गेली, भरतही आली होती, पण एक कडक धनुष्य ओढताना टाके तुटले अशी कथा आहे. 7 ऑक्टोबर 1708 ला ते गेले. वय 41.

जाण्याआधी त्यांनी मोठा निर्णय घेतला. यापुढं कुणी माणूस गुरू होणार नाही, ग्रंथच गुरू. म्हणजे गुरू ग्रंथसाहिबला गुरुपद मिळालं ते नांदेडात. आणि त्या ग्रंथात शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे संत नामदेव आहेत, त्यांची 61 पदं आहेत. मराठवाड्यातल्या शिंप्याच्या घरातला संत पंजाबात गेला, त्याची वाणी ग्रंथात बसली आणि चारेक शतकांनी त्याच्याच गावाजवळ तो ग्रंथ गुरू झाला. हे नांदेडच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं.

गुरूंवर जिथं अंत्यसंस्कार झाले ती जागा म्हणजे अंगीठा साहिब. महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात त्यावर आजची दगडी वास्तू बांधून घेतली. तेव्हा इथं निजामाचं राज्य. पंजाबातून कारागीर आणि सैनिक आले. त्याच सुमाराला हैदराबादच्या दरबारानं मागवलेली शीख फौजही दक्षिणेत आली. यातले बरेच जण परत गेलेच नाहीत. त्यांच्या वंशजांना दख्खनी शीख म्हणतात. घरात पंजाबी आणि दख्खनी हिंदी, बाजारात मराठी, अशी भाषा बोलणारी ही मंडळी नांदेडची मुख्य शीख वस्ती आहे.

अमृतसरपासून नांदेड रेल्वेनं सुमारे 2000 किलोमीटर. या अंतराचा परिणाम असा झाला की, पंजाबात शीख धर्मात ज्या सुधारणा झाल्या, जी एकसारखी आचारसंहिता 1945 मध्ये ठरली, ती इथं जशीच्या तशी लागू झाली नाही. नांदेड अमृतसरच्या शिरोमणी समितीखाली येत नाही. इथला कारभार हैदराबाद राज्याच्या 1956 च्या वेगळ्या कायद्यानं चालतो. इथं गुरू ग्रंथसाहिबसोबत दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो. आरती दिवे ओवाळून होते, पंजाबात ती नुसती गायली जाते. शस्त्रांना चंदन लागतं आणि काही सणांना बकऱ्याचा झटका देऊन शस्त्रांना टिळा लावायची जुनी रीतही टिकून आहे. पंजाबातून पहिल्यांदा आलेले काही यात्रेकरू हे बघून चक्रावतात, काहींना पटत नाही. नांदेडकर शिखांचं म्हणणं असं की गुरूंच्या शेवटच्या मुक्कामातली रीत आम्ही राखली, बदलले ते इतर.

सणातला फरकही असाच समजतो. नांदेडचा केंद्रबिंदू आहे गुरूंची शस्त्रं. सोन्याचा खंजीर, तोड्याची बंदूक, 35 बाणांचा भाता, दोन धनुष्यं, ढाल आणि पाच तलवारी अंगीठा साहिबच्या आतल्या दालनात आहेत. दिवाळीच्या तोंडावर तख्त स्नान होतं. शेकडो लोक गोदावरीतून घागरी भरून आणतात, तख्त धुतलं जातं आणि शस्त्रं स्वच्छ केली जातात.

आणि घोडे. नांदेडची श्रद्धा अशी की गुरू आपल्या दिलबाग घोड्यासह सचखंडात गेले. म्हणून हल्ल्याच्या मिरवणुकीत गुरूंच्या तबेल्यातले घोडे पूर्ण सजवून, खोगीर घालून चालवले जातात, पण त्यांच्यावर कुणी बसत नाही. आनंदपूरला घोड्यावरचा स्वार बघायला लाखो लोक जातात. नांदेडला लोक हात जोडतात ते रिकाम्या खोगिराला.

नांदेडला हल्ला दसऱ्यालाही निघतो, आणि मराठवाड्यातल्या माणसाला त्यात काही परकं वाटत नाही. शस्त्रपूजा करून गावाची शीव ओलांडायची, सोनं लुटून परत यायचं, हे सीमोल्लंघन आपल्याकडं गावोगावी आहेच. दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाली की कित्येक नांदेडकर कुटुंबं हल्ला बघायला बाहेर पडतात.

या सणाचा एक दिवस मात्र वेगळ्याच कारणानं देशभर गाजला. 29 मार्च 2021, कोरोनाची दुसरी लाट. प्रशासनानं मिरवणुकीला परवानगी नाकारली होती आणि कार्यक्रम गुरुद्वाऱ्याच्या आवारातच करायचं ठरलं होतं. निशाणसाहिब दारापाशी आल्यावर जमावातल्या काहींनी दार आणि बॅरिकेड तोडून बाहेर धाव घेतली. पोलीस जखमी झाले, गाड्या फुटल्या, गुन्हे दाखल झाले. तलवारी घेऊन धावणाऱ्या लोकांचे व्हिडिओ व्हायरल झाले आणि ज्यांनी नांदेड कधी पाहिलं नव्हतं त्यांनी त्यावरून काय काय लिहिलं! पोलिसांवरचा हल्ला गुन्हाच होता, त्याला परंपरेचा आडोसा मिळू शकत नाही. पण त्या 30 सेकंदांच्या व्हिडिओवरून या सणाबद्दल मत बनवणाऱ्यांना हे माहीत नव्हतं की एरवी हीच धाव बघायला लोक पोरांना खांद्यावर घेऊन उभे असतात, आणि पुढं होणाऱ्या गर्दीला मागं सरकवायला सेवादार आणि पोलीस एकत्रच उभे असतात.

तुम्हाला बघायचा असेल तर धुळवडीला किंवा दसऱ्याला दुपारी 3 च्या आत नांदेडात पोहोचा. स्टेशनपासून गुरुद्वारा जवळ आहे, ऑटो मिळते. डोक्यावर रुमाल ठेवा, आधी लंगरमध्ये जेवा. उभं राहायला रस्त्याच्या कडेचा उंच ओटा किंवा कुणाच्या ओळखीची गच्ची बघा, कारण अरदास संपली की रस्त्यावर थांबायला जागा उरत नाही. आणि मिरवणूक रात्री सचखंडात परत येते तोपर्यंत थांबलात, तर घोडे अगदी जवळून बघायला मिळतात.